प्राणी आणि त्याची भूमी : भारतीय वन्यजीवचित्रांतील सौंदर्याचा विचार

वन्य प्राण्यांच्या चित्रांविषयी बोलताना ‘सुंदर’ हे विशेषण बहुधा प्राण्यालाच लावले जाते. मोराचा पिसारा, वाघाचे पट्टे, चितळाच्या अंगावरचे ठिपके मुळातच देखणे, तेव्हा त्यांचे चित्रही देखणे होणार, असे त्यामागे गृहीत असते. हे गृहीत खरे मानले तर गेंडा, वटवाघूळ आणि सरडा यांचे चित्र कधीच सुंदर होऊ नये. प्रत्यक्षात भारतात काढल्या गेलेल्या पहिल्या प्रतीच्या प्राणिचित्रांत या तिघांचीही चित्रे आहेत, आणि उलट वाघाची कंटाळवाणी चित्रे मात्र दर हंगामात ढिगाने निघतात. चित्राचे सौंदर्य विषयाच्या देखणेपणावर अवलंबून नसते, हा कलाविचारातला जुना सिद्धांत आहे आणि तो येथे नव्याने मांडण्याचे कारण नाही. येथे विचार करायचा आहे तो एका निराळ्या आणि काहीशा दुर्लक्षित बाबीचा.

प्रत्येक प्राणिचित्र दोन प्रश्नांना उत्तर देत असते: प्राणी कसा आहे, आणि तो कोठे आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकृतीत मिळते आणि दुसऱ्याचे आकृतीभोवती उरलेल्या जागेत. या उरलेल्या जागेला प्रस्तुत विवेचनात ‘भूमी’ म्हटले आहे. तिच्यात झाडे, पाणी, खडक यांचा देखावा जसा येतो, तशी चित्रकाराने हेतुतः कोरी सोडलेली जागाही येते. भारतीय प्राणिचित्रांच्या गेल्या चार शतकांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्तरोत्तर अचूक होत गेले, परंतु दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुनःपुन्हा हरवले, आणि जेथे जेथे ते सापडले तेथे तेथे चित्राला केवळ अचूकतेच्या पलीकडचे सौंदर्य लाभले, असे येथील प्रतिपादन आहे.

प्राण्याला चित्राचा स्वतंत्र आणि मानाचा विषय म्हणून जागा मिळाली ती मोगल दरबारात. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील पशुपक्ष्यांची बारकाईने वर्णने केली होती. अकबराच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, त्या ग्रंथाच्या फारसी अनुवादाच्या सचित्र प्रती तयार झाल्या आणि त्या कामात हात असलेल्या चित्रकारांपैकी मन्सूर हा पुढे जहांगीराच्या दरबारी (राज्यकाल १६०५ ते १६२७) ‘नादिर-उल-अस्र’, म्हणजे ‘युगातील अद्वितीय’, या किताबापर्यंत पोहोचला. १६१२ मध्ये मुकर्रब खान हा सरदार बादशहाच्या आज्ञेने गोव्याच्या बंदरातून दुर्मीळ वस्तू घेऊन आला. त्यांत मूळचा अमेरिकेतला टर्की पक्षी होता, जो पोर्तुगीज जहाजांमुळे इतक्या दूर पोहोचला होता. जहांगीराने त्याच्या तुऱ्याचे, गळ्याचे आणि बदलत्या रंगांचे वर्णन स्वतः लिहिले आणि चित्र काढण्याचीही आज्ञा दिली. या आज्ञेचे कारण त्याने दिले आहे ते मार्मिक आहे: बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली, पण चित्रे काढवून घेतली नाहीत, ऐकून जे आश्चर्य वाटते ते पाहून वाढावे, म्हणून चित्र हवे. नऊ वर्षांनी, १६२१ मध्ये, ॲबिसिनियातून आलेला झेब्रा दरबारात हजर झाला, तेव्हा त्याचे पट्टे कोणी रंगवले तर नाहीत ना, अशी शंका घेऊन ती आधी तपासण्यात आली आणि नंतर मन्सूरने त्याचे चित्र काढले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील हे चित्र पाहणाऱ्याला पट्ट्यांची पोटाकडे निमुळती होत जाणारी लय, कानांची ठेवण आणि तोंडाजवळचा गडद रंग यांवरून चित्रकाराने तो प्राणी किती वेळ न्याहाळला असेल, याचा अंदाज येतो.

ही अचूकता ज्या पद्धतीने साधली जाई ती समजून घेतल्याशिवाय तिचे मोल कळत नाही. कागदाचे अनेक थर एकमेकांवर चिकटवून केलेला जाड पुठ्ठा, ज्याला ‘वसली’ म्हणत, तो गुळगुळीत दगडाने घोटून घेतला जाई. त्यावर आधी रेखाटन, मग पातळ पांढऱ्या रंगाचा थर, मग रंगांचे एकावर एक हात, आणि दर थरानंतर पुन्हा घोटणे, असा क्रम असे. पिसे आणि लव दाखवण्यासाठी अत्यंत सूक्ष्म रेषा किंवा ठिपके एकमेकांशेजारी ठेवून छटा निर्माण करण्याची ‘परदाज’ ही रीत वापरली जाई आणि त्यासाठीचा कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा असे. निसर्गाचे चित्र निसर्गाच्याच केसाने काढले जात होते, आणि त्यासाठी खारीला किंमत मोजावी लागत होती, ही गोष्ट मोगल प्राणिचित्रांच्या एकंदर स्वभावाशी सुसंगतच म्हणावी लागेल. कारण चित्रांचा आश्रयदाता जहांगीर हा पराकाष्ठेचा शिकारी होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून राज्यारोहणानंतरच्या अकराव्या वर्षापर्यंत आपल्यासमोर २८,५३२ पशुपक्षी मारले गेले आणि त्यांपैकी १७,१६७ आपण स्वतः मारले, असा हिशेब त्याने आत्मचरित्रात नोंदवून ठेवला आहे. त्याच माणसाने सारसांची एक जोडी पाळून, तिला लैला आणि मजनू अशी नावे देऊन, त्यांचे मीलन आणि पाळीपाळीने अंडी उबवणे यांची टिपणे केली. या दोन वृत्तींत आज जो विरोध दिसतो तो त्याला जाणवला असल्याचे त्याच्या लेखनावरून दिसत नाही. मोजणे, मारणे, पाळणे आणि चितारणे या त्याच्या लेखी एकाच सत्तेच्या चार कृती होत्या.

या सत्तेचा ठसा चित्रांच्या भूमीवर स्पष्टपणे उमटलेला आहे. मन्सूरचा झेब्रा जवळजवळ रिकाम्या जागेत उभा आहे आणि त्याच्या तोंडाला दोर बांधलेला आहे. तो ज्या गवताळ प्रदेशातून आला तेथला काहीच पत्ता चित्रात नाही, आणि तसा तो असणे शक्यही नव्हते, कारण चित्रकाराने त्याला पाहिले ते दरबारात. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात मन्सूरचे सायबेरियन क्रौंचाचे चित्र आहे. युरोपातील निसर्गशास्त्रज्ञ पल्लास याने या पक्ष्याला १७७३ मध्ये शास्त्रीय नाव दिले, त्याच्या दीडशे वर्षे आधी मन्सूरने त्याच्या चोचीभोवतीची उघडी लाल त्वचा आणि पायांवरचे खवले अचूक टिपले होते. मन्सूरने फुलांची चित्रेही काढली; १६२० च्या वसंतात काश्मीरमध्ये त्याने शंभराहून अधिक फुले चितारली, असे जहांगीर सांगतो. परंतु दरबारी चित्रसंग्रहात, ज्याला ‘मुरक्का’ म्हणत, ही चित्रे चिकटवताना प्राणी मध्ये ठेवला गेला आणि फुले बहुधा त्याच्या भोवतीच्या वेलबुट्टीच्या किनारीत, म्हणजे ‘हाशिया’मध्ये, गेली. प्राणी आणि वनस्पती या दोघांनाही दरबारात जागा मिळाली, पण एकमेकांच्या शेजारी नव्हे.

रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे असलेले आणि मन्सूरचे मानले जाणारे डोडोचे चित्र या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगे आहे. मॉरिशस बेटावरचा हा न उडणारा पक्षी सतराव्या शतकातच नामशेष झाला, आणि जिवंत डोडो पाहून काढलेली विश्वसनीय रंगीत चित्रे जगात अत्यंत थोडी असल्याने या चित्राला शास्त्रातही मोठे मोल आहे. पण डोडोच्या भोवती जे पक्षी आहेत ते पाहिले की चमत्कारिक वाटते: एका कोपऱ्यात लटकणारा छोटा पोपट, दुसऱ्यात हिमालयातला ट्रॅगोपॅन, खाली पट्टेदार डोक्याचे कादंब हंस आणि माळरानावरचे भट तितर. हे पक्षी निसर्गात एकत्र येणे केवळ अशक्य. ते एकत्र येऊ शकतात ते बादशाही पक्षिघरात किंवा चित्राच्या पानावर. चित्र प्रत्येक पक्ष्याविषयी खरे बोलते आणि सर्वांविषयी मिळून खोटे बोलते.

या नियमाला एक लक्षणीय अपवाद आहे. ब्रिटिश लायब्ररीतील चिनाराच्या झाडावरच्या खारींचे चित्र, जे सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकातले मानले जाते आणि ज्याचे श्रेय प्रामुख्याने अबुल हसन या चित्रकाराला दिले जाते, त्यात सोनेरी भूमीवर पिकलेल्या पानांचा एक प्रचंड चिनार आहे, त्याच्या फांद्यांवर खारी धावत आहेत, ढोलीतून पिल्ले डोकावत आहेत आणि खाली एक अनवाणी माणूस बुंध्यावर चढू पाहतो आहे. गंमत अशी की या खारी युरोपातल्या तांबड्या जातीच्या आहेत; त्याही बहुधा कोणाच्या तरी नजराण्यातून पिंजऱ्यातच आल्या असाव्यात. पण येथे चित्रकाराने त्यांना फांदी, ढोली, ऋतू आणि भय दिले. शास्त्राच्या कसोटीवर ही भूमी कल्पित आहे. तरीही मोगल प्राणिचित्रांत या चित्राइतका आनंद दुसरे कोणतेही चित्र देत नाही, आणि त्याचे कारण तेथे प्राण्याला काही करायला जागा आहे, एवढेच आहे.

ज्या प्राण्याला रूपवान म्हणण्याची प्रथा नाही, त्या गेंड्याच्या चित्रांतून हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने दिसतो, आणि योगायोगाने या कथेचा एक पाय गोव्यात तर दुसरा पुण्यात आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्याकडून आलेला एक गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्क याने आपल्या राजासाठी जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजावर चढवला आणि तो २० मे रोजी लिस्बनला उतरला. जर्मनीत न्यूरेंबर्ग येथे बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराने तो गेंडा कधीच पाहिला नाही. लिस्बनहून आलेले एक वर्णन आणि एक रेखाटन एवढ्यावरून त्याने लाकडी ठसा कोरला. त्या ठशातला गेंडा चिलखत घातल्यासारखा आहे, त्याच्या पायांवर खवले आहेत आणि खांद्यांच्या वर एक लहानसे पिळदार शिंग उगवलेले आहे, जे कोणत्याही गेंड्याला नसते. प्राण्याने चौकट इतकी भरून टाकली आहे की भूमीला पायाखालची एक पट्टी तेवढी मिळाली आहे. तरीही, किंवा म्हणूनच, हे चित्र युरोपात पुढची दोन शतके आणि अधिक काळ गेंड्याचे प्रमाणभूत रूप होऊन बसले. ग्रंथकारांनी ते उतरवून घेतले आणि खांद्यावरचे खोटे शिंगही त्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेले. खरा गेंडा मात्र पोपला भेट म्हणून पाठवला जात असताना १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला.

पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांच्या काळी पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता. शिकारखाना म्हणजे दरबाराने पाळलेल्या वन्य पशूंचे संग्रहस्थान, आणि तेथे सिंहाप्रमाणे गेंडाही होता. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करणारा पुण्याचा चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट याने १७९० मध्ये त्या गेंड्याचे चित्र काढले, जे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहे. गंगारामाने पुढे वेरूळच्या लेण्यांचीही रेखाटने केली, आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या सहवासात शनिवारवाड्यात जी चित्रशाळा उभी राहिली, तिच्याशी त्याचे नाव निगडित आहे. ड्यूररच्या तुलनेत गंगाराम हा जगाच्या कलेतिहासात अगदीच अनाम. पण गेंड्याची जाड कातडी घड्यांनी दुमडते, चिलखतासारखी तुकड्यांनी जोडलेली नसते, हे त्याला समोर पाहून कळले होते, जे ड्यूररला कळण्याचा मार्गच नव्हता. महाराष्ट्रातील कलाशिक्षणात ड्यूररच्या गेंड्याचा उल्लेख हमखास येतो आणि पर्वतीच्या गेंड्याचा क्वचितच, याची खंत नोंदवणे भाग आहे. अर्थात पाहून काढलेला असला, तरी गंगारामाचा गेंडाही बंदिवानच होता.

बंदिवान प्राणी आणि कोरा कागद यांची जोडी पूर्णत्वाला गेली ती कंपनी सरकारच्या काळात. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी भारतीय चित्रकारांनी युरोपीय कागदावर, युरोपीय धाटणीशी जुळवून घेत काढलेल्या चित्रांना ‘कंपनी शैली’ म्हणतात. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एलायजा इम्पी यांच्या पत्नी मेरी इम्पी यांनी १७७७ ते १७८२ या काळात आपल्या बागेत पाळलेल्या पशुपक्ष्यांची तीनशेहून अधिक चित्रे काढवून घेतली. चित्रकार तिघे होते, शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास, आणि तिघेही पाटण्याचे. मोगल परंपरेत मुरलेला त्यांचा हात इंग्लंडहून आलेल्या गुळगुळीत पांढऱ्या कागदावर जलरंगांनी काय करू शकतो, हे भवानी दासाच्या मोठ्या वटवाघळाच्या चित्रात दिसते: एक पंख मिटलेला, दुसरा पूर्ण उलगडलेला, पंखाच्या पातळ त्वचेतून बोटांची हाडे दिसतात, आणि छातीवरची तांबूस लव एकेका केसाने उभी केलेली आहे. कुरूप म्हणून दूर ठेवलेल्या प्राण्याचे इतके भारदस्त चित्र जगात विरळा. परंतु ते वटवाघूळ ना झाडाला लटकलेले आहे, ना उडते आहे; ते पांढऱ्या शून्यात आहे.

या पांढऱ्या भूमीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. जाती ओळखणे, एका जातीची दुसरीशी तुलना करणे आणि नावे ठरवणे यासाठी प्राणी त्याच्या परिसरापासून सुटा करणे सोयीचे असते. इंग्लंडमध्ये जॉन लॅथम या पक्षिशास्त्रज्ञाने भारतातील अनेक पक्ष्यांची वर्णने इम्पीसंग्रहातील चित्रांच्या आधारे लिहिली, आणि हिमालयातील मोनाल पक्ष्याच्या शास्त्रीय नावात इम्पी हे नाव आजही आहे. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४१ मध्ये सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध केले, आणि सामान्य वाचकाला पक्षी ओळखायला शिकवणाऱ्या त्या परंपरेचा पायाही हाच आहे. ओळखीसाठी सुटा प्राणी चालतो. घोटाळा होतो तो ओळखीची ही सोय सौंदर्याची कसोटी मानली गेली म्हणजे.

ही सोय नाकारणारी दुसरी एक धारा याच देशात आधीपासून वाहत होती. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात षड्दंत जातक, म्हणजे सहा सुळ्यांच्या हत्तीच्या रूपातील बोधिसत्त्वाची कथा, रंगवलेले आहे. तेथे हत्ती कमळांच्या तळ्यात आणि झाडांच्या दाटीत आहेत, आणि मनुष्याचा लोभ त्या अरण्यात शिरतो तेव्हा नाश एका हत्तीचा होत नाही, अरण्याच्या व्यवस्थेचा होतो, हे भित्तिचित्राच्या मांडणीतूनच कळते. मध्य प्रदेशातील पाटणगढ या गोंड गावातून आलेले जनगढ सिंह श्याम (१९६२ ते २००१) यांच्या चित्रांत हरणाची शिंगे वाढत वाढत झाड होतात आणि त्या झाडावर पक्षी बसतात. शरीररचनेच्या दृष्टीने हे सरळसरळ चूक. पण हरीण आणि रान यांच्या संबंधाविषयी इम्पीसंग्रहातील कोणत्याही चित्रापेक्षा ते अधिक सांगते. गोंड चित्रांना ‘लोककला’ म्हणून वेगळ्या दालनात बसवण्याची जी पद्धत आहे, तिच्यामुळे वन्यजीवचित्रांच्या चर्चेचे नुकसान झाले आहे.

छायाचित्रण आले तेव्हा आरंभीच्या कॅमेऱ्यांना हलणारा प्राणी टिपता येत नसे, त्यामुळे मेलेला किंवा पिंजऱ्यातला प्राणी हाच विषय राहिला, आणि मारलेल्या वाघावर पाय ठेवून उभा राहिलेला शिकारी हे वसाहतकालीन छायाचित्रणाचे ठराविक दृश्य बनले. ते बदलण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांना जाते. त्यांनी रानवाटेवर बारीक तार ताणून ती कॅमेऱ्याला आणि मॅग्नेशियमच्या चकाकणाऱ्या भुकटीला जोडली. रात्री वाटेने जाणाऱ्या वाघाचा पाय तारेला लागला की भुकटी पेटे, कॅमेरा उघडे आणि वाघाचे चित्र त्याच्या स्वतःच्याच पावलाने निघे. अशी छायाचित्रे १९२५ मध्ये लंडनच्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९२७ मध्ये त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक आले. चित्रे जमत गेली तसे चॅम्पियन यांच्या लक्षात आले की दोन वाघांचे पट्टे कधीही सारखे नसतात आणि त्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो. सौंदर्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे की या चित्रांत प्रथमच वाघ त्याच्या वाटेवर, त्याच्या वेळी, त्याच्या कामाने चाललेला दिसला; मागचे गवत, बाजूचा खडक आणि पुढचा अंधार हे त्याच्याइतकेच चित्राचे घटक होते.

मद्रासचे एम. कृष्णन (१९१२ ते १९९६) यांनी ही दृष्टी दिवसाच्या उजेडात आणली. ते आयुष्यभर कृष्णधवल छायाचित्रेच काढत राहिले, स्वतः जुळवून तयार केलेल्या अवजड कॅमेऱ्याला त्यांनी थट्टेने ‘सुपर पाँडेरोसा’ असे नाव दिले होते, आणि ‘स्टेट्समन’ या दैनिकात १९५० पासून मृत्यूपर्यंत सदर लिहिले. त्यांच्या हत्तींच्या चित्रांत कळप, पाणवठा आणि झाडोरा यांतून हत्ती वेगळा काढता येत नाही. रंग नसल्याने पाहणारा देखणेपणाकडे न वळता रचनेकडे वळतो, आणि एका हत्तिणीचे दुसरीपासूनचे अंतर, पिल्लाची दोघींमधली जागा, अशा गोष्टी दिसू लागतात.

गेल्या काही दशकांत मात्र काटा पुन्हा उलटा फिरला आहे. लांब पल्ल्याच्या भिंगाची, ज्याला छायाचित्रकार ‘टेलिफोटो लेन्स’ म्हणतात, जात अशी असते की जे नेमके साधले तेवढे धारदार येते आणि त्याच्या पुढचेमागचे सारे विरघळून जाते. अशा गुळगुळीत धूसर भूमीला छायाचित्रकारांच्या बोलीत ‘ब्लर’ किंवा ‘बोके’ म्हणतात आणि ती जितकी मऊ तितके चित्र श्रेष्ठ, असे मानले जाते. ताडोबाच्या वाघाचे असे एखादे चित्र घेतले, तर त्यात मिश्या मोजता येतात, डोळ्यातले प्रतिबिंब दिसते, पण ताडोबातला बांबू नाही, ऐनाची भेगाळलेली साल नाही, वाळलेल्या पाचोळ्याचा रंगही ओळखू येत नाही. तो वाघ कान्हातला म्हणून छापला तरी कोणाला संशय येणार नाही. इम्पी यांचा पांढरा कागद हिरव्या धुक्याच्या रूपाने परत आला आहे, असेच म्हणावे लागते. या धुक्यात आणखीही काही लपते: वाघाची वाट अडवून उभ्या असलेल्या पर्यटकांच्या जिप्सी गाड्यांची रांग चौकटीबाहेर राहते आणि पाहणाऱ्याला एकांताचा भास होतो. जहांगीराच्या झेब्र्याच्या तोंडचा दोर मन्सूरने निदान चित्रात ठेवला होता, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे लागेल.

चॅम्पियन यांची तार याच काळात वेगळ्या रूपाने सर्वत्र पसरली. प्राणी समोरून गेला की उष्णता आणि हालचाल ओळखून आपोआप उघडणाऱ्या कॅमेऱ्याला ‘कॅमेरा ट्रॅप’ म्हणतात. उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे पट्ट्यांवरून वाघ ओळखून संख्येचा अंदाज काढण्याची पद्धत बसवली, आणि २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी लावलेल्या कॅमेऱ्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रे टिपली, ज्यांपैकी वाघांची ७६,६५१ होती. म्हणजे उरलेल्या साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रांत वाघ नाही; त्यांत इतर प्राणी आहेत, गुरे आहेत, माणसे आहेत, आणि वाऱ्याने हललेले गवतही असणार. कोणी न योजलेल्या या चित्रांत कलात्मकता शोधणे व्यर्थ आहे, असा आक्षेप येऊ शकतो, आणि प्रत्येक चित्राविषयी तो खराही आहे. पण वाघ जेथे राहतो ते रान बहुतांश वेळ वाघाशिवायचेच असते, हे सत्य कोणत्याही पुरस्कारप्राप्त चित्राने सांगितलेले नाही.

यंत्र आणि दृष्टी यांचा मेळ बसू शकतो, याचा एक मुंबईतलाच दाखला आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत २०१६ मध्ये नागरी वन्यजीवांच्या विभागात नयन खानोलकर यांचे छायाचित्र विजयी झाले: संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीत, वारली वस्तीच्या एका बोळातून रात्री बिबळ्या चालला आहे. बिबळ्या चौकटीचा लहानसा भाग व्यापतो; उरलेली जागा भिंतींची आणि दिव्याच्या उजेडाची आहे. येथे भूमी म्हणजे मनुष्याचे घर, आणि ज्या समाजाने वाघोबाला देव मानून त्याच्याशी शेजार टिकवला त्या समाजाचे घर. वन्यजीवचित्रात माणूस येता कामा नये, हा आधुनिक छायाचित्रणातला अलिखित नियम भारतासारख्या देशात किती पोकळ आहे, ते हे एक चित्र दाखवते.

भूमी आणि आकृती यांच्यातला भेदच जेथे उरत नाही, असे प्राणिचित्रांचे एक विशाल दालन कोकणात उघड्यावर पसरलेले आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा या पट्ट्यातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळपठारांवर, प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. कशेळी येथील हत्ती सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या रेषेच्या आत इतर पशू, पक्षी आणि जलचर कोरलेले आहेत. तो इतका मोठा आहे की जवळ उभे राहून तो संपूर्ण दिसत नाही. काही सड्यांवर आज कोकणात कोठेही नसलेल्या प्राण्यांच्या, एकशिंगी गेंड्याच्या आणि पाणघोड्याच्या वाटाव्यात अशा आकृती ओळखल्या गेल्या आहेत. कोरणाऱ्यांनी ते कोठे पाहिले आणि हे कोरीवकाम कोणत्या काळातले, यांविषयी अभ्यासकांत एकमत झालेले नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या लोकांना विचारत, सडे पायी तुडवत ही शिल्पे मोठ्या संख्येने उजेडात आणली. कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी आणि कुडोपी ही महाराष्ट्रातील आठ आणि गोव्यातील फणसायमळ हे एक, अशी नऊ ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाली.

या चित्रांना चौकट नाही, किनार नाही, आणि त्यांची भूमी रंगवलेली नसून तीच खरी जमीन आहे, जिच्यावर पावसाळ्यात पाण्याची डबकी साचतात आणि काही आठवड्यांपुरती रानफुले येतात. पण हे सडे अनेक ठिकाणी खासगी मालकीचे आहेत, घरबांधणीचा चिरा त्यांतूनच काढला जातो, रस्ते आणि प्रकल्प त्यांच्यावरूनच जातात, आणि केवळ कोरलेल्या आकृतीभोवती चार हातांचे कुंपण घातल्याने काम भागत नाही. संरक्षण द्यायचे ते सबंध सड्याला दिले पाहिजे. मालकांना त्याचा योग्य मोबदला मिळाला पाहिजे. आणि तेथे जाणाऱ्या वाचकांना विनंती एवढीच की रेषांवर पाय देऊ नये, आकृती ठळक दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा रंग भरू नये, आणि छायाचित्र घेताना हत्तीबरोबर त्याच्याभोवतीचा सडाही चौकटीत घ्यावा.